कोड पुसला, दिवा विझला

गाडी पाच महिन्यांची. दोष दोन. पहिला असा की घाट उतरताना ब्रेकचं पेडल कधी कधी मऊ पडतं आणि पायाखाली हळूहळू खाली जातं. दुसरा, डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागतो, वर्कशॉपला नेलं की विझतो आणि आठवड्याभरात पुन्हा हजर. गाडी माझ्या एका मित्राच्या भाचीची. ती वाईला राहते, पाचगणीच्या शाळेत शिकवते. म्हणजे पसरणीचा घाट सकाळी चढायचा आणि दुपारी उतरायचा. मित्राची सगळी नोकरी चिंचवडला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी खात्यात झाली. आता निवृत्त आहे, पण हातात चहाचा कप आला तरी आधी त्याच्या कडा तपासतो.

दोघांचं बोलणं ऐकण्यासारखं झालं म्हणून लिहून काढलं. मला राहवलं नाही तिथे माझं म्हणणं मध्ये घातलं आहे.

भाची : मामा, मी आता ग्राहक आयोगात जाणार. दर वेळी तेच. गाडी सकाळी आत जाते, संध्याकाळी धुऊनपुसून बाहेर येते आणि कागदावर शेरा, ‘तपासले, दोष आढळला नाही’.

मामा : तो शेरा दर वेळी खोटा असतो असं समजू नकोस. आमच्याकडे परत आलेल्या मालात असे नग कायम असायचे. टेबलावर ठणठणीत, गाडीत बसवला की आजारी. काही दोष तापल्यावर येतात, काही धक्क्याने, काही दमट हवेत. मेकॅनिकसमोर आला नाही म्हणून तो खोटं बोलतोय असं होत नाही.

भाची : मग खोटं मी बोलतेय?

मामा : तसं कोण म्हणालं? पेडल बसतं तेव्हा तू पाय कसा ठेवलेला असतोस, ते सांग.

भाची : हलका. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते, वळणाच्या आधी पाय ठेवते आणि धरून ठेवते. तेव्हा खाली जातं. घाबरून जोरात दाबलं की लागतो ब्रेक.

मामा : आणि वर्कशॉपमधला मुलगा कसं तपासतो?

भाची : आवारात एक चक्कर मारतो. करकचून दाबतो. म्हणतो, ‘मॅडम, ब्रेक एकदम कडक आहे.’

मामा : हं. म्हणजे दोघंही खरं बोलताय. मास्टर सिलिंडरच्या आत रबरी सील असतात. पाय दाबला की त्यांच्या पुढे तेल कोंडतं आणि त्या दाबाने चाकाशी पॅड आवळले जातात. सीलला बारीक चीर असली किंवा सिलिंडरला आतून ओरखडा असला, तर तेल सीलच्या कडेने मागे सरकतं. बाहेर थेंब गळत नाही, टाकीतली पातळीही उतरत नाही. जोरात दाबलंस की सीलची कड फाकून भिंतीला घट्ट बसते आणि ब्रेक लागतो. हलका पाय धरून ठेवलास की तेल निसटतं आणि पेडल बसतं. तपासायचं तर सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, हलक्या पायाने धरून थांबायचं. करकचून दाबणाऱ्याला हा दोष जन्मात सापडायचा नाही.

भाची : मग हे त्यांना माहीत नसतं?

मामा : माहीत असतं. वेळ नसतो. दिवसाला ठरावीक गाड्या बाहेर काढायच्या असतात.

भाची : मला उलट विचारलं, ‘घाटात सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरता का?’ बाई चालवते म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच.

मामा : प्रश्न वाईट नाही, विचारण्याचा सूर वाईट असेल. ब्रेक सतत घासला तर तापतो. ब्रेकचं डॉट ४ तेल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात पाणी मुरलं की ती किमान मर्यादा १५५ वर येते. तेल उकळलं की वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. पण पाच महिन्यांत इतकं पाणी मुरत नाही, आणि तू खालच्या गिअरमध्ये उतरतेस. चाकांपाशी करपल्याचा वास आला होता का कधी?

भाची : नाही. पण हे सगळं मी का सिद्ध करायचं? गाडी साडेनऊ लाखांची. पैसे माझे, कर्ज माझं, जीव माझा. शोधाशोधही मीच करू?

(इथे मला भाचीचं म्हणणं सोळा आणे पटतं. २०१५ साली दिल्लीच्या एका गृहस्थाने ह्युंदाई क्रेटा घेतली. २०१७ मध्ये अपघात झाला, समोरच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. कंपनीचं म्हणणं, धक्का पुरेसा नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की टकरीचा वेग आणि बल यांचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो. गाडी बदलून द्या, शिवाय भरपाई द्या, हा खालचा आदेश कायम राहिला.)

मामा : तू ज्याच्या भरवशावर बोलतेस तो क्रेटाचा निकाल मलाही ठाऊक आहे. त्याच न्यायालयाचा २००६ चा मारुतीचा निकालही वाच. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल तर भाग बदलून मिळेल, अख्खी गाडी बदलून द्या म्हणता येणार नाही, असं तिथे म्हटलंय. आणि क्रेटावाल्याचा अपघात झालेला होता. तुझा झालेला नाही.

भाची : म्हणजे आधी आपटून यायचं?

मामा : कायदा कसा आहे ते सांगतोय. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं नवं प्रकरण आलं, त्याचा गाजावाजाही झाला. पण ते लागू होतं वस्तूने तुला इजा केली तर. वस्तू स्वतःच बिघडलेली आहे, एवढ्याने नाही. तुला ‘सदोष वस्तू’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ या जुन्याच वाटेने जावं लागेल. तिथे समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार, उत्पादनातच दोष आहे याचा तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे? आयोग तपासणीला पाठवू शकतो, पण तपासणीची फी बहुधा तूच भरायची. अहवाल नाही म्हणून तक्रारी फेटाळल्याची उदाहरणं ढिगाने आहेत.

भाची : फी भरीन. तक्रारीची फी तर दोनशे रुपये आहे, पाच ते दहा लाखांच्या वस्तूला. आणि आता राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. साताऱ्याला. पूर्वीसारखं शोरूमच्या गावी जायला नको.

मामा : दाखल करणं स्वस्तच आहे. निकालाचं बोल. कायद्यात लिहिलंय तीन महिने, तपासणी लागली तर पाच. हैदराबादच्या एका कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये बीएमडब्ल्यू घेतली, चार दिवसांत बिघाड. सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाख द्यायला सांगितले जुलै २०२४ मध्ये. पंधरा वर्षं! आणि त्यांच्याकडे वकिलांना द्यायला पैसे होते.

भाची : ते प्रकरण फौजदारीत गेलं होतं मामा, ग्राहक आयोगात नव्हे.

मामा : बरं, नव्हतं. तुला साताऱ्यात तीन वर्षं लागतील असं धर. मग अपील. तोवर गाडी पुरावा म्हणून उभी, हप्ता चालू, आणि वर्कशॉप हात लावायला तयार नाही कारण प्रकरण न्यायप्रविष्ट. त्यापेक्षा वर्क्स मॅनेजरला गाडीत बसव, घाट उतरवून दाखव, भाग बदलून घे आणि मोकळी हो. कंपनीलाही बदललेल्या भागांच्या वॉरंटी क्लेममधूनच खरं काय ते कळतं. परत आलेला प्रत्येक नग आमच्या टेबलावर यायचा. कुठल्या पाळीचा, कुठल्या बॅचचा, सगळं निघायचं.

भाची : आणि मग त्या बॅचच्या बाकीच्या गाड्यांचं काय करायचात?

मामा : …ते वरचे ठरवायचे.

(मित्र इथे थांबला. मी त्याला ओळखतो. तो असा थांबला की बोलणं हवेत सोडत नाही, आतल्या आत मोजत असतो.)

भाची : जनरल मोटर्सचं तेच झालं ना? इग्निशन स्विच?

मामा : ते नाव काढू नकोस. क्वालिटीवाल्याला लाज वाटावी असं प्रकरण आहे ते. स्विच इतका सैल की किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघा लागून चालत्या गाडीत बंद पडायचा. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि एअरबॅगही मेलेल्या. २००६ मध्ये त्यांनी आतला भाग सुधारला आणि पार्ट नंबर तोच ठेवला! अगं, पार्ट बदलला की नंबर बदलायचा, हे आम्ही नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवायचो. नंबर तोच म्हटल्यावर जुना कुठला, नवा कुठला, कोणाला कळणार? कागदोपत्री काही बदललंच नाही.

भाची : आणि ते उघड कशामुळे झालं? वॉरंटी क्लेममुळे?

मामा : नाही. जॉर्जियात एका मुलीचा जीव गेला, आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या तज्ज्ञाने दोन सालांचे स्विच शेजारी ठेवून उघडले, तेव्हा.

भाची : म्हणजे कोर्टात गेल्यामुळे.

मामा : कोर्टात गेल्यामुळे. २०१४ मध्ये सव्वीस लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाई देताना कंपनीच्याच निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

भाची : मग मला शहाणपण कसलं शिकवता? वर्कशॉपवाले माझ्या एअरबॅगचं तेच करतात. स्कॅनर लावतात, कोड वाचतात, पुसतात. दिवा विझला की गाडी ओके. कागदावर कोडाचा उल्लेखही नाही. मग महिनाभराने मी तक्रार केली की पहिल्यांदाच आल्यासारखं बोलतात.

मामा : (जरा वेळाने) हे मात्र चूक आहे. कोड म्हणजे गाडीने स्वतः दिलेली जबानी. दुरुस्ती न करता तो पुसणं म्हणजे तक्रारवहीचं पान फाडणं. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, बहुतेक वेळा तिथलाच सैलपणा निघतो. सीट पुढेमागे केली की वायर ओढली जाते. काम अर्ध्या तासाचं. पण दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडेलच याची खात्री धरता येत नाही, हे त्यांनी तुला तोंडाने तरी सांगितलं का?

भाची : सांगितलं, ‘मॅडम, सेन्सरचा इश्यू आहे, चालवायला काही हरकत नाही.’ आणि निघताना, ‘कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा पगार कापतात.’

मामा : दिलेस?

भाची : दिले. त्याचं तोंड बघून.

(हा दहाचा खेळ ज्यांनी गाडी सर्व्हिसिंगला टाकली आहे त्यांना सांगायला नको. तिने दिलेले ते दहा उद्या आयोगात तिच्याच विरुद्ध दाखवता येतील. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा पगार हा त्याच्या मालकाचा प्रश्न आहे. त्यासाठी आपल्या ब्रेकचा बळी द्यायचं कारण नाही. समाधानपत्रावरच्या सहीचंही तेच. ‘दोष कायम, सही फक्त गाडी ताब्यात घेतल्याची’ एवढं शाईने लिहून मग सही करता येते. अडवतात, आवाज चढवतात, पण शेवटी गेट पास देतात.)

भाची : आणखी एक. केंद्राने १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचा नियम आणलाय. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल तर वाहन पोर्टलवर नोंदवायचा. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी होते, सरकार सक्तीने रिकॉल लावू शकतं, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. मी नोंदवणार.

मामा : एकटीची नोंद म्हणजे समुद्रात खसखस.

भाची : प्रत्येकाने असंच म्हटलं तर आकडा कधीच भरणार नाही. १९७४ ला बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत काढली तेव्हा त्यांनाही कोणीतरी खसखसच म्हटलं असेल. ग्राहकांसाठी कायदा व्हायला १९८६ उजाडलं.

मामा : बरं बाई, नोंदव. आधी चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघ, सतरा अक्षरांचा असतो. तुझ्या गाडीवर आधीच रिकॉल निघालेला असला तर वादच मिटला. पण मला एक सांग. गाडी आत्ता कुठे आहे?

भाची : खाली. का?

मामा : उद्या शाळेत कशी जाणार?

भाची : गाडीनेच. पहिला तास माझा असतो.

मामा : म्हणजे ‘माझ्या गाडीचे ब्रेक जिवावर बेतणारे आहेत’ असं आयोगाला लिहायचं आणि त्याच गाडीने उद्या पसरणीचा घाट उतरायचा? तू लढायची भाषा करतेस आणि गाडी चालवतेस. मी मिटवा म्हणतो, पण मी त्या गाडीला एक दिवस हात लावला नसता. समोरचा वकील मीटरचा आकडा वाचून दाखवेल. तक्रारीनंतर इतके किलोमीटर चालली, मग धोका कसला? आणि तो वकील लांबची गोष्ट झाली. त्याआधी दुपारी घाट उतरतानाचं वळण आहे.

भाची : मग काय करू? रिक्षा घाट चढत नाही.

मामा : एसटीने जा. रोडसाइड असिस्टन्सचा नंबर कागदपत्रांत आहे, त्यांना फोन कर. गाडी उचलून न्यायला लाव, स्वतः चालवत नेऊ नकोस. ‘ब्रेक सुरक्षित नाहीत म्हणून टो केली’ ही नोंद तारखेसह त्यांच्याच यंत्रणेत पडते. तुझ्या दहा पत्रांपेक्षा ती एक नोंद भारी.

भाची : हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?

मामा : तू आयोगच लावून धरला होतास.

पुढचं मी ऐकलं ते तुटक. गाडी टो होऊन गेली. भाचीने जॉब कार्डवर ‘ब्रेकचा प्रॉब्लेम’ असं मोघम लिहू दिलं नाही. ‘इंजिन चालू, हलका पाय धरून ठेवल्यास पेडल तळापर्यंत बसते, जोरात दाबल्यास लागतो’ असं मामाने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायला लावलं. स्कॅनर लावल्यावर स्क्रीनचा फोटो आधी काढला, मगच कोड पुसू दिला. वर्क्स मॅनेजर आढेवेढे घेत का होईना, गाडीत बसला आणि सपाट आवारातच पेडल त्याच्या पायाखाली बसलं. घाटापर्यंत जावंच लागलं नाही.

मास्टर सिलिंडर वॉरंटीत बदलून मिळाला. जुना भाग दाखवला नाही, नेमका दोष काय होता ते लिहूनही दिलं नाही. मित्राच्या मते विषय संपला. भाचीच्या मते आत्ता सुरू झाला, कारण तोच भाग ज्यांच्या गाडीत आहे त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. पोर्टलवर तिने नोंद केली. एअरबॅगचा दिवा नंतरही एकदा लागला. कनेक्टरची वायर बदलायचं त्यांनी कबूल केलं आहे, भाग यायचा आहे.

नोटीस तिने स्पीड पोस्टाने दोघांना पाठवली, डीलरला वेगळी आणि कंपनीला वेगळी. हा मित्राचा सल्ला. गोव्यात एकाला नवी म्हणून जुन्या सालची, वापरलेली गाडी दिली गेली होती; २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या त्या कृत्याची जबाबदारी टाटा मोटर्सवर टाकायला नकार दिला, कारण दोघांचे व्यवहार स्वतंत्र होते. कोणाचं पाप कोणाच्या गळ्यात पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दोघांची नावं घालायची. नोटिशीतला तांत्रिक परिच्छेद मित्रानेच लिहिला. ‘मी मिटवायच्याच बाजूचा आहे,’ असं तो लिहितानाही म्हणत होता.

दोघांत बरोबर कोण, असं मला विचाराल तर पहिल्या दिवसापुरता मामा आणि त्यानंतरच्या सगळ्या दिवसांपुरती भाची. ब्रेक किंवा एअरबॅगचा दोष घेऊन गाडी चालवणं हे धाडस नव्हे, आणि ‘झालं ना दुरुस्त’ म्हणून कागद न मागता घरी येणं हा समजूतदारपणा नव्हे. वाचकांपैकी कोणाच्या नव्या गाडीत असा दिवा लागत असेल तर उद्या वर्कशॉपला चालवत नेऊ नका, टो करून न्या. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या, जॉब कार्डाची प्रत मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आयोगात जाण्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते.